कंगव्याकडे पाण्याची धार का वळते, आणि जुलैत ती का वळत नाही

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी आठवीत. मे महिन्यात नागपूरला मामाकडे असताना तिनं केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला आणि धार छान वाकली. जुलैत डोंबिवलीला शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तोच प्रयोग करायला घेतला, तर धार हलेना. शाळेत सांगितलं होतं की पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांची एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण असते, म्हणून धार वळते. त्यावर मुलीनं आईला विचारलं, "मग पावसाळ्यात पाणी ध्रुवीय राहत नाही का?" आईचं म्हणणं, याचं उत्तर द्या, आणि घरी करता येतील असे पाण्याचे आणखी काही प्रयोग सांगा, पण सुरक्षित.

ताई, आधी मुलीला शाबासकी द्या. तिचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण मिळालेलं स्पष्टीकरण तिनं दुसऱ्या प्रसंगाला लावून पाहिलं आणि ते तिथं अपुरं पडलं हे तिच्या लक्षात आलं. मी तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत आणि रविवारच्या विज्ञानवर्गांत हे प्रयोग करून घेतले, निम्मा काळ कोकणात आणि निम्मा सोलापूरकडे. एकच प्रयोग दोन हवांमध्ये किती वेगळा वागतो हे त्यामुळे चांगलं पाहायला मिळालं.

पाणी बारा महिने ध्रुवीयच असतं. पावसाळ्यात बिघडतो तो कंगवा.

प्लास्टिक केसांवर घासलं की केसांतले काही इलेक्ट्रॉन प्लास्टिकवर येतात आणि कंगवा ऋण प्रभारित होतो. हा प्रभार पृष्ठभागावर जिथल्या तिथं बसून राहायला हवा. मुंबईच्या पट्ट्यात जुलैमध्ये सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा 80 टक्क्यांच्या वर असते. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी ती 25 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली उतरते. पुष्कळांना वाटतं की दमट हवा वीज वाहून नेते म्हणून प्रभार जातो. हवा दमट झाली तरी ती फारशी वाहक होत नाही. दमट हवेत प्रत्येक वस्तूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर बसतो, त्यात थोडे क्षार आणि हाताचा घाम विरघळतो, आणि त्या थरावरून प्रभार घसरत तुमच्या हातापर्यंत येतो. तिथून तो जमिनीत जातो. तुम्ही कंगवा केसांवरून धारेपर्यंत नेईतो काम संपलेलं असतं.

हे समजलं की उपायही कळतो. खोलीतली सगळी हवा कोरडी करायची गरज नाही, फक्त पृष्ठभाग कोरडा ठेवायचा.

कंगवा बाजूला ठेवा. आपल्याकडे केसांना खोबरेल लावलेलं असतं, तेलाचा हात कंगव्यावर बसतो आणि घासणं नीट होतच नाही. शिवाय बरेच कंगवे नायलॉनचे असतात आणि नायलॉन ओलावा धरून ठेवतं. त्याऐवजी घरात वायरिंगसाठी वापरतात तो पीव्हीसीचा पांढरा पाइप हार्डवेअरच्या दुकानातून हातभर घ्या, जाडी 20 मिलिमीटरच्या आसपास. साबणानं धुवा, भरपूर पाण्यानं खळबळून काढा म्हणजे साबणाचा थर राहणार नाही, आणि पूर्ण वाळू द्या. घासायला लोकरीचा तुकडा घ्या. जुना स्वेटर उत्तम. लोकर नसेल तर कागदी नॅपकिनची चौपदरी घडीही चालते. नॅपकिन दर दहा मिनिटांनी बदला, कारण तो ओलावा शोषत राहतो.

आता वाळवण्याची पेटी करा. पुठ्ठ्याच्या खोक्यात 40 किंवा 60 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब लावा. एलईडी इथं उपयोगाचा नाही, उष्णता हवी. बल्ब पुठ्ठ्याला किंवा कापडाला कुठंही टेकता कामा नये, खोक्याला वरून दोन भोकं ठेवा, आणि ही जोडणी मोठ्या माणसानं करायची. पाइप आणि लोकर या पेटीत अर्धा तास ठेवली की त्यांचं तापमान खोलीपेक्षा चार-सहा अंश जास्त होतं आणि पृष्ठभागावर ओलाव्याचा थर बसत नाही. बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटं तुमच्या हातात असतात. घरात हेअर ड्रायर असेल तर तोही चालतो, फक्त पाइपइतकाच लोकरीवरही फिरवा. कोकणात भर पावसात मी याच पद्धतीनं प्रयोग केले आहेत आणि ते जमले आहेत.

प्रभार आला की नाही हे पाण्याकडे जाण्याआधी तपासून घ्या. कागदाचे कपटे पाइपकडे उड्या मारायला लागले, किंवा मनगटाजवळ पाइप नेल्यावर हातावरची लव उभी राहिली, तर पुढे जा. आपल्या भाषेत अंबरला तृणमणी म्हणतात, गवताची काडी ओढून घेणारा मणी. तुमच्या हातातला पीव्हीसीचा पाइप आत्ता त्याच तृणमण्याचं काम करतो आहे, हे मुलीला सांगा.

धार दीड-दोन मिलिमीटर जाडीची, न थरथरणारी हवी. नळ इतका बारीक करा की धार वरून गुळगुळीत काचेच्या काडीसारखी दिसेल आणि खाली वीतभर अंतरावर तिचे थेंब होतील. नळाच्या तोंडाला फेस करणारी जाळी असेल तर काढून ठेवा. पाइप बाजूनं हळूहळू दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत आणा. धार पाइपकडे वळेल. पाणी पाइपला एकदा जरी लागलं तरी तेवढा भाग गेला समजा. पुसून चालत नाही, पुन्हा धुवून वाळवावा लागतो. म्हणूनच दोन-तीन पाइप जवळ ठेवावेत.

आता कारणाकडे येऊ. मला खरं बोलायचं आहे ते याबद्दल.

पाण्याचा रेणू ध्रुवीय आहे हे शंभर टक्के खरं. ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण, हायड्रोजनची थोडी धन. त्यावरून सांगितलं जातं की कंगव्याच्या ऋण प्रभाराकडे रेणूंची धन टोकं वळतात आणि ओढली जातात. पण प्रत्येक रेणूला ऋण टोकही आहे आणि ते जवळपास तितक्याच जोरानं दूर लोटलं जातं. ओढ उरते ती फक्त दोन टोकांच्या अंतरामुळे, म्हणजे जवळच्या टोकापाशी कंगव्याच्या प्रभाराचा जोर किंचित जास्त आणि लांबच्या टोकापाशी किंचित कमी असतं त्यामुळे. ही ओढ असते, नाही असं नाही. परंतु नळाच्या धारेत त्याहून मोठी गोष्ट घडत असते.

नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि क्षारांचे आयन, म्हणजे प्रभारित कण, मोकळे फिरतात. नळ, पाइपलाइन आणि जमीन यांच्याशी ती धार पाण्यानंच जोडलेली असते. ऋण पाइप जवळ आला की धारेतला ऋण प्रभार वर नळाकडे, तिथून पुढे जमिनीकडे ढकलला जातो आणि धारेच्या त्या भागात धन प्रभार जास्त उरतो. याला प्रवर्तन म्हणतात. मग पाइपजवळची धार नुसती ध्रुवीय राहत नाही, तिच्यावर निव्वळ धन प्रभार असतो, आणि धन-ऋण आकर्षण चांगलं जोरदार असतं. हे व्हायला वेळ किती लागतो? नळाच्या साध्या पाण्यात प्रभाराची अशी हलवाहलव सेकंदाच्या कोटीव्या भागाहूनही कमी वेळात होते. धार पाइपसमोरून जायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो, म्हणजे आयनांसाठी युगं. पाण्यात मीठ घालून पाहा, धार जवळपास तशीच वळेल, कारण दोन्ही पाण्यांत वेळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

हे मी म्हणतो म्हणून मानू नका. घरी तपासता येतं, आणि मुलीनं प्रदर्शनात ठेवावा असा हाच प्रयोग मला वाटतो.

एक स्टीलचं खोल फुलपात्र घ्या. ते थर्मोकोलच्या कोरड्या, जाड ठोकळ्यावर ठेवा. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या अर्धा सेंटिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा, तांब्याच्या तारेच्या आकड्यावर त्या शेजारी शेजारी अडकवा आणि आकडा फुलपात्राच्या काठावर बाहेरच्या बाजूला टांगा. पट्ट्या फुलपात्राच्या अंगाला टेकू नयेत इतका आकडा बाहेर काढा. हा तुमचा घरचा विद्युतदर्शी झाला. फुलपात्रावर प्रभार जमला की पट्ट्या एकमेकींपासून फाकतात.

नळ इतका कमी करा की धार न पडता टपटप थेंब पडतील, आणि ते फुलपात्राच्या मधोमध पडू द्या. आधी पाइप न आणता दीडशे थेंब पडू द्या. पट्ट्या मिटलेल्याच राहतील. हा टप्पा मुलं कंटाळून गाळतात. तो गाळू देऊ नका, त्याच्याशिवाय पुढच्याला अर्थ नाही. फुलपात्र रिकामं करा, काठ कोरडा पुसा. आता घासलेला पाइप नळाच्या तोंडाशी, जिथं थेंब सुटतो त्या जागेजवळ तीन-चार सेंटिमीटरवर धरा आणि पुन्हा दीडशे थेंब मोजा. मध्ये एक-दोनदा पाइप परत घासून घ्या. पट्ट्या हळूहळू फाकायला लागतील.

पाइप फुलपात्राला कुठंही लागलेला नाही. मग प्रभार आला कुठून? थेंबांनी आणला. प्रत्येक थेंब सुटताना जो धन प्रभार त्याच्यावर होता तो घेऊनच तो खाली आला.

धन कशावरून, हेही बघता येतं. घासलेला पाइप फुलपात्राच्या पट्ट्या नसलेल्या काठाजवळ, न टेकवता, हळूच आणा. पाइप ऋण आहे. फुलपात्र ऋण असतं तर पट्ट्या आणखी फाकल्या असत्या. त्या मिटायला लागतील. म्हणजे थेंबांवरचा प्रभार पाइपच्या उलट आहे. नुसत्या ध्रुवीय रेणूंनी हे कधीच झालं नसतं, कारण रेणू कितीही वळले तरी थेंबाचा एकूण प्रभार शून्यच राहतो.

कोरड्या दिवशी काचेची जाड नळी रेशमी कापडावर घासून हाच प्रयोग केला तर फुलपात्र ऋण होतं. काच पावसाळ्यात मात्र करू नका, तिच्यावर ओलावा प्लास्टिकपेक्षा लवकर बसतो. आणि पाइपकडे असो की काचेकडे, धार दोन्ही वेळा जवळच येते, कधी दूर जात नाही. असं का, हे मुलीला न सांगता विचारा. वरचं सगळं समजलं असेल तर ती सांगेल.

आता इतर प्रयोग. माझ्या आवडीचा पहिला.

अळूचं ताजं पान आणा. अळवावरचं पाणी आपण म्हणतो ते या पानावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखं गोल राहून इकडेतिकडे घरंगळतं म्हणून. पान ताटात सपाट पसरा, पिनेनं चार टोकांना बसवा आणि ड्रॉपरनं मटारच्या दाण्याएवढा थेंब ठेवा. घासलेला पाइप वरून तिरका पाच-सहा सेंटिमीटरवर आणा. थेंब पाइपच्या मागे चालायला लागतो. पाइप जिकडे, थेंब तिकडे. लहान भावंडांनाही हा फार आवडतो आणि यात पाणी सांडत नाही. पाइप आणखी जवळ आणा आणि थेंबाकडे बाजूनं, डोळा पानाच्या पातळीवर ठेवून पाहा. गोल थेंब वर उचलला जातो, टोकदार होतो, आणि फार जवळ आणलात तर टोकातून बारीक तुषार पाइपकडे उडतात.

इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ पहिलीचा वैद्य विल्यम गिल्बर्ट यानं 1600 मध्ये हेच नोंदवलं आहे. कोरड्या पृष्ठभागावरच्या पाण्याच्या थेंबाजवळ घासलेलं अंबर नेलं की थेंब शंकूसारखा होतो, असं त्याला दिसलं होतं. इलेक्ट्रॉन, आयन, रेणू यांतलं काहीही तेव्हा माहीत नव्हतं. त्याच्याजवळ होते ते अंबराचा तुकडा, एक थेंब आणि बारकाईनं बघण्याची सवय.

दुसरा प्रयोग फारच कमी लोकांनी केलेला असतो, आणि तो शिकवायला मला नेहमी आनंद वाटतो. बादलीभर पाणी कपाटावर किंवा उंच स्टुलावर ठेवा. माशांच्या टाकीत हवा सोडायला वापरतात ती पातळ नळी बादलीतून खाली आणा, शेवटाला रिकाम्या रिफिलचं, टोक काढलेलं तुकडं बसवा आणि तोंड वरच्या दिशेनं, किंचित तिरकं करा. हाताएवढं उंच कारंजं मिळायला हवं. धार थोडी वर गेली की तिचे थेंब होतात आणि ते इकडेतिकडे विखुरतात, खाली पडताना टपटप आवाज येतो. आता घासलेला पाइप एकदम जवळ आणू नका. दोन-तीन फुटांवरून हळूहळू पुढे या. एका ठरावीक अंतरावर विखुरणं थांबतं. थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, धार जणू एकसंध होते, आणि पडण्याचा आवाज बदलून जड होतो. आणखी जवळ गेलात की उलटं होतं. थेंब पुन्हा विखुरतात, पहिल्यापेक्षाही जास्त.

लॉर्ड रॅले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञानं 1879 च्या सुमारास याचा अभ्यास केला. दोन थेंब एकमेकांवर आदळले तरी मध्ये हवेचा पातळ थर अडकतो आणि ते चेंडूंसारखे उसळून वेगळे होतात. थोडासाच प्रभार असला की दोन थेंबांच्या समोरासमोरच्या भागांत विजेची ओढ तयार होते, तो हवेचा थर फुटतो आणि थेंब एक होतात. प्रभार जास्त झाला की सगळे थेंब एकाच प्रकारचे, जोरदार प्रभारित होतात आणि एकमेकांना लांब लोटतात. थोड्या प्रभारानं जवळ आणि जास्तीनं दूर. अंतर मोजायला जमिनीवर खडूनं खुणा करून ठेवा. वेगवेगळ्या दिवशी ते किती बदलतं याचा तक्ता फार बोलका होतो.

तिसरा प्रयोग मोठा आहे. त्याला एक दिवस लागेल आणि मोठ्यांची मदत लागेल. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले, त्यांनी 1867 मध्ये एक यंत्र मांडलं. त्यात काहीच घासायचं नसतं. पाणी नुसतं पडतं आणि ठिणगी उडते.

वर पाण्याचं एकच भांडं. त्यातून दोन बारीक धारा, एकमेकींपासून फूटभर अंतरावर. प्रत्येक धार एका बिनबुडाच्या, झाकण नसलेल्या, दोन्हीकडून उघड्या पत्र्याच्या डब्याच्या मधून जाते आणि खाली स्टीलच्या फुलपात्रात पडते. डब्यांच्या कडा धारदार असतात, त्या पक्कडीनं आत दुमडून घ्या. डबे प्लास्टिकच्या पट्ट्यांवर टांगलेले, फुलपात्रं थर्मोकोलवर, म्हणजे चारही भांडी जमिनीपासून आणि एकमेकांपासून तुटलेली. आता गंमत तारांची. डावा डबा तारेनं उजव्या फुलपात्राला जोडायचा आणि उजवा डबा डाव्या फुलपात्राला. तारा एकमेकींना लागू द्यायच्या नाहीत.

समजा योगायोगानं डाव्या डब्यावर कणभर ऋण प्रभार आहे. त्यातून जाणारे थेंब प्रवर्तनानं धन होऊन डाव्या फुलपात्रात पडतात. डावं फुलपात्र उजव्या डब्याला जोडलेलं, म्हणून उजवा डबा धन होतो. त्यातून जाणारे थेंब ऋण होतात, उजव्या फुलपात्रात पडतात, आणि ते फुलपात्र डाव्या डब्याला जोडलेलं, म्हणून डावा डबा आणखी ऋण होतो. चक्रवाढ व्याजासारखं वाढत जातं. काही सेकंदांत हजारो व्होल्टचा फरक तयार होतो. धारेचे थेंब सरळ पडेनासे होतात, डब्याच्या काठाकडे वळतात, काही तर काठाला वळसा घालून वर जातात. दोन फुलपात्रांना जोडलेल्या तारांची गोलसर टोकं दोन-तीन मिलिमीटर अंतरावर ठेवली असतील तर कटकन ठिणगी पडते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हवेत एक सेंटिमीटर अंतराला साधारण 30,000 व्होल्टला ठिणगी पडते, त्यावरून मुलीला व्होल्टचा अंदाज काढू द्या.

ऊर्जा कुठून आली, हे विचारायला विसरू नका. धन थेंब आधीच धन असलेल्या फुलपात्रात पडतो आहे. फुलपात्र त्याला वर ढकलतं, तरी गुरुत्वाकर्षण त्याला खाली नेतं. म्हणजे ज्यानं बादली कपाटावर चढवली त्याच्या हातातली ताकद ठिणगीत उतरली.

हे यंत्र न चालण्याची कारणं मला पाठ आहेत. धार डब्याच्या आतच थेंबांत तुटली पाहिजे. अखंड धार खाली फुलपात्राला टेकली तर सगळा प्रभार त्याच पाण्यातून वर परत जातो. फार वर तुटली तर थेंबांवर प्रभारच येत नाही. डबे वर-खाली सरकवून जागा जुळवावी लागते. दुसरं कारण शिंतोडे. थर्मोकोल ओला झाला की संपलं. तिसरं टोकदार तारा, कारण टोकातून प्रभार हवेत निसटतो. तारेच्या टोकाला फॉइलची गोळी लावा. चौथं कारण शोधायला मला एकदा दोन दिवस लागले. मी धारा नेमक्या करायला सलाईनचे नवे संच वापरले होते. धारा सुंदर पडत होत्या, यंत्र मात्र थंड. शेवटी लक्षात आलं की त्या संचात मध्ये एक छोटी कुपी असते, तिच्यात पाणी हवेतून थेंबाथेंबानं पडतं. तिथंच पाण्याची सलगता तुटत होती आणि खालच्या धारेला वरच्या भांड्यातून प्रभार मिळत नव्हता. कुप्या काढून माशांच्या टाकीची साधी नळी आणि तिची छोटी चावी लावली, आणि दहा सेकंदांत पट्ट्या फाकल्या.

विजेच्या टेस्टरमधला छोटा निऑनचा दिवा सुटा काढून दोन फुलपात्रांच्या तारांमध्ये धरला, तर अंधारात तो मधूनमधून लुकलुकतो. त्यात दोन बारीक काड्या असतात. उजळते ती ऋण बाजूची काडी. आज डावी उजळली आणि परवा उजवी, असं होऊ शकतं, कारण सुरुवातीचा कण कोणत्या बाजूला होता त्यावर ते ठरतं. दमट दिवशी यंत्र आपण होऊन सुरू होत नसेल तर घासलेला पाइप एका डब्याजवळ क्षणभर धरा, तेवढा कण पुरतो.

सुरक्षिततेचं विचारलंत ते बरं केलंत. कंगवा, पाइप, थेंब, अळूचं पान यांत धोका नाही. केल्विनच्या यंत्राची ठिणगी हजारो व्होल्टची असली तरी तिच्यातली ऊर्जा काही मिलिज्यूल, म्हणजे हिवाळ्यात मोटारीच्या दाराला हात लावताना बसतो तेवढा चटका. तरीही घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी ठिणगीच्या प्रयोगापासून लांब बसावं. ठिणगीचा कुठलाही प्रयोग गॅसच्या शेगडीजवळ, स्पिरिट किंवा सॅनिटायझरच्या बाटलीजवळ करायचा नाही. भिंतीतल्या प्लगशी यातल्या कशाचाही संबंध नाही. मुलांना व्हिडिओ बघून सॉकेटमधून "जास्त प्रभार" घ्यायची कल्पना सुचते, ती पहिल्याच दिवशी ठामपणे बंद करा. टेस्टर उघडायचा तोही मोठ्यांनीच, आणि तो टेस्टर पुन्हा वापरायचा नाही.

आणखी एक. पाणी भरलेल्या बाटलीला बाहेरून फॉइल लावून प्रभार साठवायचा प्रयोग मुलगी कुठंतरी पाहील. 1745-46 मध्ये जर्मनीत फॉन क्लाइस्ट आणि हॉलंडमधल्या लायडनला मुसेनब्रुक यांना हातातल्या पाण्याच्या बाटलीनंच असा जबर धक्का दिला होता. त्या बाटलीत प्रभार साठत जातो आणि एकदम बाहेर येतो. आठवीत ती करू नये. करायचीच असेल तर शिक्षक शेजारी असताना, औषधाच्या लहान कुपीएवढी.

प्रदर्शनात कुणीतरी विचारेल की ढगातली वीजही पाण्याच्या थेंबांच्या घासण्यानं होते का. उत्तर असं की तिथं मुख्य काम बर्फाचं असतं, वर जाणारे बर्फाचे बारीक स्फटिक आणि खाली येणाऱ्या मऊ गारा एकमेकांवर आदळतात तेव्हा प्रभार वेगळे होतात. मात्र पाणी नुसतं आपटून फुटलं तरी थोडा प्रभार वेगळा होतो. धबधब्याजवळची हवा ऋण प्रभारित असते हे भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्डनं 1892 मध्ये दाखवलं. आंबोलीला गेलात तर तिथल्या तुषारांत उभं राहून मुलीला हे सांगा.

आता प्रदर्शनाचा दिवस. हॉलमध्ये पन्नास मुलं आणि त्यांचे पालक म्हणजे श्वासाचा आणि घामाचा ओलावा. सकाळी रिकाम्या हॉलमध्ये जमलेला प्रयोग अकरा वाजता फसतो. टेबल पंख्याखाली नको, धार हलते. खिडकीजवळही नको. वाळवण्याची पेटी टेबलाखाली, बल्बची वायर पायात येणार नाही अशी. तीन पाइप ठेवा आणि त्यांवर 1, 2, 3 असे आकडे घाला. एक हातात, दोन पेटीत, दर पाच मिनिटांनी बदल. नळ मिळणार नाही, म्हणून स्टीलच्या तांब्याला तळाशी खिळ्यानं बारीक भोक पाडून तो उंचावर टांगा आणि तांब्यापासून एक तार शाळेच्या लोखंडी खिडकीच्या गजाला जोडा, म्हणजे नळाला जशी जमीन मिळते तशी याला मिळेल. पाहुण्यांना पाइप हातात द्या, पण धरायची बाजू रंगीत चिकटपट्टीनं दाखवा, नाहीतर प्रत्येक जण घासलेल्या टोकालाच हात लावतो. आणि फुलपात्राचा प्रयोग दाखवताना मुलीनं पहिले दीडशे थेंब पाइपशिवायच मोजावेत, समोरचे कितीही घाई करोत.